लुपेमावशीचं ताट

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला तर नाहीच. तेरा वर्षांत एकदाच तोंड उघडलं होतं – बिशानच्या पार्कात अनघाबरोबर चालत होतो, "तुला एक सांगायचं राहिलंय" इथपर्यंत आलो – आणि मग घरभाडं वाढणार आहे, असलं काहीतरी बोलून मोकळा झालो. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून कदाचित जमेल.

सुरुवात चांगल्या दिवसांपासून करतो. की हीसुद्धा पळवाटच आहे? असेल. पण ते दिवस चांगले होते, आणि ते किती चांगले होते हे कळल्याशिवाय मी काय केलं तेही कळायचं नाही.

आम्ही तेव्हा इथे परदेशात, बिशान भागात नवव्या मजल्यावर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो. मी, अनघा आणि रेवा – आमची मुलगी, तेव्हा पहिलीत जायच्या बेतात. त्याच कॉरिडॉरमध्ये, आमच्यापासून तीन दारं सोडून, लुपे राहायची. पूर्ण नाव ग्वादालुपे. मेक्सिकोची. नवरा जवळच्याच आंग मो किओ भागातल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात मशीनं बसवून देणारा इंजिनियर, मुलगा शिकायला मेक्सिकोत आजीपाशी. लुपे पहाटे एका बेकरीत कामाला जायची आणि बारापर्यंत घरी यायची. मला ती 'वेसिनो' म्हणायची. म्हणजे शेजारी. नाव कधी घेतलंच नाही तिने माझं.

ओळख झाली ती चुन्यामुळे. एका रविवारी लिफ्टमध्ये तिने मला विचारलं, तुम्ही भारतीय लोक पानाला पांढरं काहीतरी लावता ना, ते कुठे मिळतं? मी थक्क झालो. ही बाई पान खाते? तर तिला मका शिजवायचा होता. वाळलेला मका चुन्याच्या पाण्यात उकळायचा, रात्रभर तसाच ठेवायचा, सकाळी चोळून सालं काढायची आणि वाटायचा. मग त्या पिठाच्या तोर्तिया. चुन्याशिवाय पिठाला चिकटपणा येत नाही, चव तर नाहीच नाही, असं तिचं म्हणणं. मी लिटिल इंडियातल्या पानवाल्याकडून डबाभर चुना आणून दिला. पानवाला म्हणाला, "साहेब, एवढ्यात लग्न उरकेल एखादं!" त्या संध्याकाळी लुपे कापडात गुंडाळलेल्या गरम तोर्तिया घेऊन दारात उभी. अनघाने एक तुकडा मोडला, वास घेतला आणि म्हणाली, "अरे, ही तर भाकरीची चुलतबहीण!"

पुढे रेवाला शाळेतून आणायचा प्रश्न आला. इथली प्राथमिक शाळा दीड वाजता सुटते. आम्ही दोघंही साडेसहाच्या आत घरी येत नव्हतो. लुपेने ते एका वाक्यात सोडवलं. "मी दीड वाजता मोकळीच असते, वेसिनो. मुलगी माझ्याकडे." मी पैशांचं काढलं तर तिचा चेहरा बदलला. म्हणाली, "पैसे घेतले की ती नोकरी होते. नोकरी मला एक आहे."

दोन वर्षं रेवाच्या दुपारी त्या घरात गेल्या. मी संध्याकाळी तिला घ्यायला जायचो आणि तासभर तिथेच रेंगाळायचो. खिडकीत मिरच्यांची माळ, स्वयंपाकघरात भाजक्या टोमॅटोचा वास, ओट्याशी खुर्चीवर उभी राहिलेली रेवा – हाताला पीठ, नाकालाही पीठ. लुपे तिला 'मिहा' म्हणायची, माझी पोर. रेवा तिला लुपेमावशी. रेवाने तिला मराठीही शिकवलं होतं, आठ वर्षांच्या पोरीला लागेल तेवढं – ये, बस, जेव, नको, पुरे, झोप येते. मी दारात आलो की लुपे आतून ओरडायची, "ये! बस! जेव!" – पलटणीला हुकूम द्यावा तसं – आणि रेवा हसून लोळायची. आमच्या घेवड्याच्या उसळीची चव घेऊन लुपे म्हणाली होती, "वेसिनो, घेवडा चांगला आहे. पण कुणीतरी त्याला मिरचीची ओळख करून द्यायला हवी होती." आजही मी घेवडा खाताना मिरचीकडे हात नेतो.

आणि ती गोष्टी सांगायची. मका चोळता चोळता, खाली बघत. पाच भावंडांत ती थोरली. आई शहरातल्या एका मोठ्या घरात कामाला – धुणं, स्वयंपाक, मुलं सांभाळणं. शनिवारी लुपे आईबरोबर बसने जायची. त्या घराच्या स्वयंपाकघरामागे एक पायरी होती. लुपेने दिवसभर तिथे बसायचं. घरच्यांची जेवणं झाली की मायलेकींना वाढायचे. निळ्या काठाच्या दोन ताटल्या वेगळ्या ठेवलेल्या, फक्त त्यांच्यासाठी. जेवण भरपूर असायचं हं, असं ती आवर्जून सांगायची. बाईसाहेब – सेन्योरा – वाईट नव्हती. स्वतःच्या मुलीचे जुने फ्रॉक पिशवीत भरून द्यायची. एकदा त्या मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाला मोठी मेजवानी होती. लुपे पिशवीतलाच, पण इस्त्री केलेला फ्रॉक घालून गेली. तिला वाटलं होतं, आज आपण पाहुणे. ती टेबलाशी जाऊन उभी राहिली तर सगळ्या मुली तिच्या फ्रॉककडे बघायला लागल्या. आईने येऊन हाताला धरून तिला पायरीवर नेलं.

"तेव्हा मी ठरवलं," लुपे म्हणाली, "माझी मुलगी टेबलाशी बसेल. आणि देवाने काय दिलं? मुलगा! तो तर टेबलावरच चढून बसायचा." ती हसली, आणि मीही हसलो.

हे मला माहीत होतं. तिने स्वतः सांगितलं होतं. हे लक्षात ठेवा.

आता आई. माझी आई चिंचवडला राहते. फोनवर तिचा रोजचा प्रश्न – शाळेतून आल्यावर पोरीकडे कोण बघतं? मी काय सांगायला हवं होतं? की शेजारची एक मैत्रीण, मेक्सिकोची, मांस-मच्छी खाणारी, आणि तुझी नात तिच्या घरी तिच्या हातचं जेवते? मला पुढचे सगळे प्रश्न ऐकू आले, आणि मी म्हणालो, "बाई ठेवलीय. आपल्याच घरी येऊन सांभाळते." आईचा जीव भांड्यात पडला. एका वाक्यात केवढी शांतता! मी ते वाक्य दीड वर्ष वापरलं.

मग आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली. लुपे पूर्वीसारखीच रेवाला शाळेतून आणायची, पण आता आमच्या दारात सोडायची. रेवाचं ऐकून तीही आईला 'आजी' म्हणायला लागली. अनघा घरात नसताना आई मला म्हणाली, "तुमची बाई हसतमुख आहे हो. जरा जास्तच सलगी करते, पण कामाला प्रामाणिक दिसते." मी वर्तमानपत्र वाचत होतो. वाचतच राहिलो.

भाद्रपद आला. आईने ठरवलं, या वर्षी गौरी इथेच बसवायच्या. अनघा नेमकी त्या आठवड्यात ऑफिसच्या कामासाठी टोकियोला. आईला उलट हुरूप आला. आमच्या ओळखीतल्या पाच मराठी बायका सवाष्णी म्हणून जेवायला बोलवायच्या ठरल्या. चौघींना फोन केले. पाचव्या, तळमजल्यावरच्या कुलकर्णीकाकू, त्यांना रीतसर कुंकू लावून बोलवायला आईने रेवाला पाठवलं. परकर-पोलकं, हातात हळदकुंकवाची कोयरी. आणि रेवा – काय करावं त्या पोरीने? – काकूंकडून परत येताना तीन दारं अलीकडे थांबली. लुपेमावशीच्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाली, शनिवारी आमच्याकडे जेवायला ये. आपल्याकडे कुंकू लावून बोलावलेल्या बाईचं पान मांडावंच लागतं. ती त्या दिवशी घरची लक्ष्मी. आईनेच हे आदल्या दिवशी रेवाला समजावून सांगितलं होतं.

मला गुरुवारी दुपारी ऑफिसात लुपेचा मेसेज आला. छोट्या मुलीने मला लाल ठिपका लावून आमंत्रण दिलंय. काय घालू? काय आणू? काय चालत नाही? मी उत्तर दिलं – चरबी नको, अंडं नको. आणि पुढे एक हसरा चेहरा.

गुरुवार ते शनिवार. दोन दिवस होते माझ्याकडे. संध्याकाळी आईशेजारी बसून वाती वळत होतो मी! एक वाक्य पुरलं असतं – आई, ती कामाला नाहीये, आपली मैत्रीण आहे, मी तुला खोटं बोललो. आई रागावली असती. तासभर, फार तर दिवसभर. आईचा राग एवढाच असतो. मग मी का नाही बोललो? मला आजही नीट सांगता येत नाही. एवढंच आठवतं, की प्रत्येक वेळी वाटायचं, अजून वेळ आहे.

शनिवारी आम्ही हॉलमधलं टेबल बाजूला सरकवून जमिनीवर पानं मांडली. रेवाने प्रत्येक पानाभोवती रांगोळी काढली. पाच नाही, सहा. सहाव्या पानाभोवतीची रांगोळी सगळ्यांत मोठी, त्यात एक मक्याचं कणीस. आईला वाटलं, पोर मोजायला चुकली.

लुपे वेळेवर आली. भरतकाम केलेला पांढरा झगा, केसांत फूल, कपाळावर स्वतःच्या हाताने लावलेला लाल ठिपका – जरा वाकडा. हातात झाकलेलं पातेलं, नवं कोरं. माझ्या घरात मांस शिजतं म्हणून तुमच्या देवासाठी वेगळं विकत घेतलं, असं तिने मला दारातच सांगितलं. आत केळीच्या पानात बांधून उकडलेले मक्याचे गोड तमाल, गूळ घातलेले. आपल्या पातोळ्यांसारखेच जवळजवळ.

आई पुढे आली. "अगंबाई, नटून आलीस की! ते तिकडे ओट्यावर ठेव हां. नैवेद्याला बाहेरचं चालत नाही." हाताने खूण केली. लुपेने पातेलं ठेवलं आणि हॉलमध्ये आली. पाच बायका बसल्या होत्या. रेवाने तिचा हात धरून तिला सहाव्या पानाकडे ओढलं.

"रेवा, तिला मागून वाढू, बाळा," आई म्हणाली. अगदी मायेने. "कामाच्या बायकांना आपण सगळ्यांचं झालं की पोटभर घालतो. आत बसव तिला."

"आजी, पण ती कामाची नाहीये!" रेवा म्हणाली. मग तिने माझ्याकडे बघितलं. "बाबा, सांग ना."

पाचही बायका माझ्याकडे बघत होत्या. त्यातल्या एकीचा नवरा माझ्या ऑफिसातला वरिष्ठ. आई बघत होती, हातात वरणाचं भांडं. लुपेही बघत होती. तिला मराठी शब्द कळले नसतील, पण वाढणारी बाई, मांडलेली पानं आणि स्वयंपाकघराकडे गेलेला हात – हे तिला कुठल्याही भाषेत कळलं असतं.

मी म्हणालो, "रेवा, आजी सांगते तसं कर."

एवढंच. हेच ते. इतकी पानं फिरून इथे आलो.

लुपे स्वतःच वळली आणि आत गेली. आमच्या स्वयंपाकघरात वॉशिंग मशीनशेजारी एक बुटकं स्टूल होतं, त्यावर बसली. बायकांची जेवणं तासभर चालली. मी वाढत होतो. अनघा नसताना मी किती मदत करतो याचं त्या बायकांनी कौतुक केलं. मग आईने लुपेला वाढलं – सगळं, दोन पुरणपोळ्या, त्यांवर तूप. वाढण्यात आईने कधी हात आखडता घेतला नाही. रेवा तोपर्यंत जेवलीच नव्हती. ती आपलं ताट घेऊन आत गेली आणि लुपेच्या पायाशी फरशीवर बसून जेवली. आठ वर्षांची पोर. मी दारातून ते पाहिलं आणि ताकाचा जग घेऊन परत हॉलमध्ये आलो.

लुपेने ताट स्वच्छ संपवलं. धुऊन पालथं घातलं. निघताना आईने तिच्या हातात एक पिशवी दिली – फॉइलमध्ये बांधलेल्या पुरणपोळ्या आणि अनघाचे दोन जुने ड्रेस. सणाला कामवालीला देतात तसं. लुपेने पिशवी घेतली, मान किंचित झुकवली आणि म्हणाली, "थँक्यू, सेन्योरा." आजी नाही म्हणाली. माझ्याजवळून गेली तेव्हा तिने मला कुठल्याच नावाने हाक मारली नाही.

नंतर पाहिलं तर ती पिशवी आमच्या दाराबाहेर चपलांच्या रॅकवर ठेवलेली होती, नीट, कान बांधून. आईला दिसू नये म्हणून मी ती कचरा खाली टाकायच्या शूटमध्ये टाकली. तमालही टाकले. कुणी एकही उघडून पाहिला नव्हता.

इथेच थांबलो असतो तर कदाचित माफी मागून निभावलं असतं. पण मला लुपेच्या डोळ्यांसमोर जायचं नव्हतं, आणि त्यासाठी मी पुढे जे केलं ते त्या शनिवारहून वाईट आहे. तो एक क्षण होता. हे मी शांत डोक्याने केलं. सोमवारी तिला मेसेज केला – आता आई शाळेतून आणेल, तुला त्रास नको. तिचं उत्तर आलं: ठीक आहे. मिहाला सांग, बुधवारी मका करणार आहे. मी रेवाला सांगितलं नाही.

रेवाने विचारलं, "मावशी आजीवर रागावली का?" पोरीला बरोबर कळलं होतं. आणि मी तिला त्या कळण्यावरून हटवलं. म्हणालो, "नाही गं. तिलाच आता जमत नाही. दमते ती. म्हणाली, रेवाला आता दुसरीकडे ठेवा." रेवाने वही उघडली. थोड्या वेळाने विचारलं, "मी पीठ सांडायचे म्हणून?"

मी म्हणालो, "नाही, असंच."

आई परत गेल्यावर रेवाला शाळेनंतरच्या पाळणाघरात घातलं. अनघालाही हेच सांगितलं. ती लुपेला भेटायला जाते म्हणाली तर मी थांबवलं – तिला अवघडल्यासारखं होईल, राहू दे. आणि लुपेने कॉरिडॉरमध्ये विचारलं, मुलगी का येत नाही, तर तिला सांगितलं, "तिचंच आता मन नाही. मैत्रिणी झाल्यात." दोघींना एकमेकींबद्दल खोटं सांगितलं, आणि दोघींनीही विश्वास ठेवला. का ठेवू नये? मी बाप होतो. मी वेसिनो होतो. एकदा लिफ्टपाशी लुपेने "मिहा!" म्हणून हाक मारली आणि रेवाने मान वळवून माझा हात घट्ट धरला. लुपे जिन्याने गेली. नऊ मजले.

तीन वर्षांनी तिच्या नवऱ्याचं काम संपलं. निरोप घ्यायला ती एकटीच आली. रेवा ट्यूशनला गेली होती, अनघा ऑफिसात. लुपे आत आली नाही. दारातच उभी राहून तिने मला विचारलं, "मी त्या मुलीचं काही वाईट केलं का? काही बोलले का मी कधी?" त्या शनिवारबद्दल एक शब्द नाही. फक्त हे.

मी म्हणालो, "नाही, नाही. लहान मुलं विसरतात."

ती म्हणाली, "हो. चांगलंच आहे ते." आणि गेली.

आईला यातलं काही माहीत नाही. तिचा दोषही नाही. तिने कामाच्या बाईला वागवतात तसं वागवलं, आणि कामाची बाई हा शब्द माझा होता. लुपेचा नंबर अजून माझ्या फोनमध्ये आहे. त्यावरच्या फोटोत तिच्या मांडीवर एक लहान मुलगी असते. बहुधा नात.

रेवा आता एकवीस वर्षांची आहे, इथेच युनिव्हर्सिटीत शिकते. शनिवारी हौगांगला लहान मुलांच्या केंद्रात शिकवायला जाते. गेल्या महिन्यात तिथून आली, सोफ्यावर बसून बूट काढत होती. मी सहज विचारलं, मुलं आवडतात का गं तुला? इंग्रजी-मराठी मिसळून, इथल्या लोकांसारखं शेवटी 'लाह' लावत बोलते ती. म्हणाली, "आवडतात, पण मी त्यांना जास्त जवळ येऊ देत नाही, बाबा. बेटर लाह. मग एक दिवस मी जाणं बंद करणार, आणि त्यांना वाटणार, आपलंच काहीतरी चुकलं."

हे तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं. दुसरा बूट काढला, मोजे त्यात कोंबले. समोर मी होतो. घरात आम्ही दोघंच होतो, आणि कुणालाही कसलीच घाई नव्हती.

मी विचारलं, "चहा घेणार का?"

ती हो म्हणाली. मी उठलो आणि दोन कप चहा टाकला.